तो वेळ आणि ती वेळ

तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्हें हें गांव आहे. भोराकडून तेथें जाऊन गड चढूं पाहणारा मनुष्य वाटाड्यास सहज तीन गोष्टी विचारील : वर जावयास किती वेळ लागतो? निघावयाची वेळ कोणती? आणि तुम्ही आजवर किती वेळा गड चढलां?

हेच प्रश्न फ्रेंच भाषेंत विचारावयाचे तर तीन स्वतंत्र शब्द लागतात. कालावधीस 'ताँ', घड्याळांतील नेमक्या वेळेस 'अर' व आवृत्तीस 'फ्वा'. कोशांत 'वेळ' या शब्दापुढें 'ताँ' पाहून जो विद्यार्थी तिन्ही ठिकाणीं तोच योजील, त्याचा प्रश्न फ्रेंच माणसास उमगावयाचा नाहीं. शिवाय 'ताँ' म्हणजे हवामानहि! याचें आपणांस नवल वाटूं नये. उन्हाळा, पावसाळा या शब्दांच्या पोटांतहि 'काळ' दडलेला आहेच.

मग मराठी या बाबतींत दरिद्री आहे काय? मुळींच नाहीं. फ्रेंच भाषा जें काम निराळ्या शब्दांनीं करते, तें मराठी लिंगभेदानें करते. 'तो वेळ' मोजावयाचा असतो. 'ती वेळ' गांठावयाची असते.

वेल्ह्याच्या भातखाचरांत हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाहीं. पाऊस लांबला म्हणजे शेतकऱ्याचा वेळ जातो. पण रोपें वाफ्यांतच जून होऊं लागलीं म्हणजे लावणीची वेळ जाते. पहिली हानि अधिक श्रमानें भरून काढतां येते. दुसरी येत नाहीं. जून रोपास फुटवे कमी येतात आणि पीक उणें होतें.

लिंगाचा असा उपयोग फ्रेंचहि करते, पण नेमका उलट. 'झूर' हा पुल्लिंगी दिवस मोजावयाचा. 'झुर्ने' हा स्त्रीलिंगी दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत घालवावयाचा. 'अर' हा शब्द तर आपल्या दूरच्या नात्यांतला. त्याचें मूळ ग्रीक 'होरा'. तोच शब्द ज्योतिषाच्या द्वारें संस्कृतांत आला व पंचांगांत अद्यापि नांदत आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९३ सालीं दिवसाचे दहा तास व तासाचीं शंभर मिनिटें करण्याचा कायदा झाला. १७९५ सालीं त्याची सक्ति स्थगित करावी लागली. उलट, आपल्याकडे साठ घटकांचा दिवस गेला, घटिकापात्रहि गेलें, तरी 'घटकाभर बसा' असें आपण म्हणतोंच. ती घटका चोवीस मिनिटांची होती, हें मात्र कोणी मोजीत नाहीं.

कालवाचक शब्द कायद्यानें येत नाहींत व यंत्राबरोबर जातहि नाहींत. माणसें कशाची वाट पाहतात व कशाला मुकतात, यावर ते जगतात. म्हणून परभाषा शिकणाऱ्यानें कोश उघडण्यापूर्वीं स्वतःस विचारावें : मला म्हणावयाचें आहे तें 'तो वेळ' कीं 'ती वेळ'?