बाभळीचं गणगोत

दिल्लीतल्या माझ्या पहिल्या दसऱ्याला घोळ झाला तो सोन्यावरून. आपट्याची पानं इथे कुठे मिळतात ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या आंटींना मी पानाचं वर्णन सांगितलं: मधोमध खाच, दोन पाळ्या, उंटाच्या पावलासारखा आकार. संध्याकाळी त्यांनी कॉलनीच्या बागेतून पिशवीभर पानं आणून दिली. सासूबाईंनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा कांचन. आपटा नव्हे." आपट्याचं पान लहान, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त; हे मोठं आणि मऊ होतं. तरी पानं देवापुढे ठेवली आणि वाटलीही.

रात्री पुस्तक काढून बसले. आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा आणि कांचन, ज्याला दिल्लीत कचनार म्हणतात, तो बौहिनिया व्हेरिएगाटा. म्हणजे आंटींची चूक जातीत झाली होती, प्रजातीत नाही. बौहिनिया हे नाव झाँ आणि गास्पार बोअँ या स्वित्झर्लंडमधल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडलेलं आहे. एका देठावर जोडलेल्या दोन पाळ्या म्हणजे ते दोघे भाऊ. त्यातल्या गास्पारने १६२३ च्या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींची नोंद केली आणि पुष्कळांना दोन शब्दांत बसणारी नावं दिली, तीही लिनियसच्या जन्माआधी ८४ वर्षं. दसऱ्याला ज्या पानाची आपण देवघेव करतो त्यात दोन भाऊ बसलेले आहेत, हे कळल्यापासून त्या पानाकडे मी निराळ्या डोळ्यांनी पाहते.

पुढे तीसेक वर्षं मी दिल्लीत जीवशास्त्र शिकवलं. वर्गीकरणाचा धडा दरवर्षी यायचा. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड. १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना पद्धतशीर दिलेली द्विनाम नावं. १९६९ ची व्हिटाकरची पंचसृष्टी. नंतर कार्ल वोसने पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएवरून दाखवलेलं जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी असं त्रिभाजन. एवढं सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, मी त्यात थांबत नाही. मराठी घरातल्या दिल्लीकर मुलांची एक अडचण मात्र सांगायला हवी. आपल्या पाठ्यपुस्तकात 'प्रजाती' म्हणजे अनेक जातींचा गट, ज्याला हिंदी पुस्तकात 'वंश' म्हणतात. हिंदी वर्तमानपत्रात 'प्रजाति' म्हणजे थेट एकेक जात. मराठी वर्तमानपत्रंही आता तसंच लिहू लागली आहेत. घरी एक अर्थ आणि बाहेर दुसरा, अशात मूल गोंधळलं तर दोष मुलाचा नसतो. मला हिंदीतला 'वंश' अधिक आवडतो, कारण त्यात नातं ऐकू येतं.

नात्याचीच गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती मी काट्यांवरून सांगते.

माझं माहेर सोलापूरकडचं, बाभळीच्या मुलखातलं. औत, वखर, गाडीची चाकं बाभळीची, दातवण बाभळीचं, शेळ्यांना शेंगा बाभळीच्या, आणि पायात मोडणारा काटाही बाभळीचाच. वडील तो बाभळीच्याच दुसऱ्या काट्यानं काढायचे, म्हणून ती म्हण मला कधी शिकावी लागली नाही. दिल्लीत आले तर तीच बाभूळ 'किकर' होऊन भेटली. पण लोक ज्याला किकर म्हणत होते त्यातली बहुतेक झाडं बाभळीची नव्हतीच. रिजवर, म्हणजे अरवलीच्या शहरात शिरलेल्या शेपटावर, जिकडे पाहावं तिकडे विलायती किकर होती. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. गुजरातीत 'गांडो बावळ', म्हणजे पुन्हा वेडीच. तमिळमध्ये तिच्या नावाचा अर्थ परदेशी काळी बाभूळ असा होतो. मेक्सिको, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडून आलेल्या या झाडाला चारी दिशांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता बाभळीच्या घरात नेऊन बसवलं.

लोकांचं चुकलं का? हे पाहायचं म्हणून मी वर्गात 'काट्यांचा तास' सुरू केला. चार ताटल्यांत चार फांद्या ठेवायच्या आणि मुलांनी पाहण्याआधी बोटांनी चाचपायच्या. पहिली बाभूळ: पानाच्या तळाशी दोन सरळ, पांढरट, सुईसारखे काटे. पानाच्या बुडाशी जी छोटी उपपर्णं असतात त्यांचंच इथे काट्यांत रूपांतर झालेलं असतं. दुसरा खैर: दोनदोन काटे इथेही, पण आखूड आणि मांजराच्या नखांसारखे खाली वळलेले, सदऱ्यात अडकले की सुटत नाहीत. तिसरी खेजडी, हरियाणात जिला जांटी म्हणतात: जोडी नाही आणि ठरलेली जागाही नाही, दोन पानांच्या मधल्या दांडीवर कुठेही विखुरलेले बसके, शंकूसारखे काटे. चौथी विलायती किकर: पानाच्या बगलेतून निघालेले एक किंवा दोन दणकट काटे. हा काटा म्हणजे मुळात छोटी फांदीच. चार काटे चार वेगळ्या अवयवांचे किंवा वेगळ्या जागांचे. एकदा बोटाला हा फरक कळला की पानं सगळ्यांची तीच बारीक दुहेरी पिसासारखी असली तरी फसगत होत नाही. हिवर, म्हणजे दिल्लीची रौंझ, मी पाचवी म्हणून ठेवत असे. काटे बाभळीसारखेच सरळ, साल फिकट आणि फुलांचे गेंद पिवळ्याऐवजी मलईच्या रंगाचे. तो बाभळीचा सख्खा भाऊ आहे हे मुलं न सांगता ओळखत.

आता त्यांच्या नावांकडे बघा. १७५३ मध्ये लिनियसने बाभूळ आणि खेजडी या दोघींना मिमोसा या प्रजातीत घातलं. मिमोसा म्हणजे लाजाळूचं घर. त्याच्या मुलाने खैरही तिथेच नेला. १७८८ मध्ये स्वार्ट्झने विलायती किकरीचं नाव ठेवलं मिमोसा जुलिफ्लोरा. म्हणजे चौघं सुरुवातीला लाजाळूच्या अंगणात होते. मग एकोणिसाव्या शतकात बाभूळ आणि खैर अकेशियात गेले, विलायती किकर प्रोसोपिसमध्ये गेली आणि खेजडी तिची शेजारीण ठरली. मी शिकले ती हीच मांडणी: अकेशियाचे दोन, प्रोसोपिसच्या दोन. आणि आता? बाभूळ व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया, खेजडी प्रोसोपिस, विलायती किकर नेल्टुमा. चार झाडं, चार घरं. ताटल्यांतले काटे आधीपासून हेच सांगत होते. डीएनएच्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

यातली अकेशियाची फाटाफूट मला आजही लागते. ग्रीक वैद्यांनी 'अकाकिया' म्हटलं ते नाईलकाठच्या बाभळीला, आणि शब्दाच्या मुळाशी काटा आहे. डीएनएने दाखवलं की अकेशिया म्हणून ज्या तेराशेच्या वर जाती एकत्र ठेवल्या होत्या त्या एक घराणं नाहीत. मग नाव कोणाकडे राहायचं? नियमाप्रमाणे ते ज्या झाडाच्या नमुन्यावर बेतलं त्याच्याकडे, म्हणजे बाभळीकडे. पण ऑस्ट्रेलियात हजाराच्या आसपास जाती होत्या. नाव बाभळीकडे ठेवलं तर त्या सगळ्यांची नावं बदलावी लागणार होती. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन करण्याचा प्रस्ताव आला. निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली, तरी तो फेटाळायला ६० टक्के लागत होती, तेवढी भरली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक अकेशियांना काटा नसतो. काट्यावरून पडलेलं नाव बिनकाट्याच्या झाडांकडे गेलं आणि आपल्या बाभळीला मिळालं व्हॅचेलिया, मकावमध्ये राहून चीनच्या वनस्पती गोळा करणाऱ्या व्हॅचेल नावाच्या पाद्र्यावरून. हजार नावं बदलण्याचा त्रास मला समजतो. पण आफ्रिका आणि भारतातल्या शेतकऱ्यांच्या झाडाचं नाव गेलं, हे मला पटलेलं नाही. विभागणी मात्र योग्यच होती. खैर आणि बाभूळ एका घरातले नाहीत, हे कात आणि डिंक विकणारा कुणीही सांगेल.

प्रोसोपिसची फोड २०२२ मधली, आणि तिने मला मनापासून आनंद झाला. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा होते, अज्ञातवासाआधी पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली ती. विराटनगर म्हणून दाखवतात ते बैराट दिल्ली-जयपूर रस्त्यापासून थोडं आत आहे आणि त्या वाटेवर शेतांच्या बांधांवर आजही खेजडी उभी दिसते. सावली विरळ असल्यामुळे तिच्याखाली बाजरी पिकते, कोवळ्या शेंगांची सांगरी होते, पाला शेळ्या-उंट खातात. विलायती किकरीचा पाला जनावरं तोंडात धरत नाहीत. शेंगा मात्र आवडीने खातात, आणि म्हणून तिचं बी शेणावाटे गावोगाव पोचतं. तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. इतकी वर्षं या दोघींना एका प्रजातीत पाहून मला चुकल्यासारखं वाटायचं. आता बहुतेक अमेरिकन काटेरी नातलग नेल्टुमा झाले आणि प्रोसोपिसमध्ये जुन्या जगातल्या मोजून तीन जाती उरल्या. त्यांतली एक शमी.

तालकटोरा स्टेडियमच्या पाठीमागे रिजच्या पायथ्याशी फिरताना मला दरवेळी थोरले बाजीराव आठवतात. १७३७ मध्ये ते दिल्लीवर चालून आले तेव्हा मोगल फौजेशी त्यांची गाठ पडली ती याच परिसरात. इतिहासवाले तोफा आणि घोडे मोजतात. मला तिथली झुडपं दिसतात. त्या घोड्यांना ओरबाडलं असेल ते खेजडीने, रौंझने, करीरने. विलायती किकर तेव्हा समुद्रापलीकडे होती. ती दिल्लीत आली नवी राजधानी उभी राहताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, रिज लवकर हिरवी करण्यासाठी. ती हिरवी झाली खरी. आज कुणी रिजला 'दिल्लीचं मूळ जंगल' म्हटलं की मी त्यांना आधी काटा दाखवते.

मूळ जंगल पाहायचं तर मांगर बनीला जावं. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यापासून जवळच अरवलीची एक दरी आहे. आसपासच्या गुर्जर गावांनी ती गुदडिया दास बाबांच्या नावाने राखली आहे; फांदी तोडली तर बाबा शासन करतात अशी श्रद्धा. भोवताली खाणींनी डोंगर पोखरलेले आणि मध्ये ही दरी धौच्या झाडांनी काठोकाठ भरलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा थंडी होती आणि सगळा उतार तांब्याच्या भांड्यासारखा दिसत होता. हिवाळ्यात धौची पानं असा रंग धरतात. बारीक पानं, लोंबत्या डहाळ्या. चराई चालू असेल तिथे हेच झाड जमिनीसरपट पसरून राहतं, संधी मिळाली की उभं होतं. एक म्हातारे गुराखी माझ्याबरोबर चढावर आले. बोलता बोलता कळलं की ते वाळलेली काटकीसुद्धा इथून घरी नेत नाहीत. गुरुग्रामच्या अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये, जिथे पूर्वी खाण होती, २०१० पासून धौ पुन्हा लावला गेला. त्यासाठी बी आणि नमुना शोधायचा तर अशाच राखलेल्या जागा लागतात.

धौ हा आपल्या धावड्याचा भाऊ. धौ ॲनोजिसस पेंड्युला, धावडा ॲनोजिसस लॅटिफोलिया, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. २०१७ मध्ये ही अख्खी प्रजाती टर्मिनालियात विलीन झाली, कारण डीएनएच्या वंशवृक्षात तिची फांदी टर्मिनालियाच्या आतच निघाली. टर्मिनालिया म्हणजे हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे. तिकडे तुटातूट, इकडे मीलन. धौ झाला टर्मिनालिया पेंड्युला. धावड्याची अडचण झाली, कारण टर्मिनालिया लॅटिफोलिया हे नाव जमेकातल्या एका झाडाला आधीच दिलेलं होतं. म्हणून त्याला नवं नाव मिळालं टर्मिनालिया ॲनोजिसियाना. जुनं घर मोडलं तरी त्याचं नाव विशेषण म्हणून मागे ठेवलं. हे मला फार आवडलं. माहेरचं नाव मधे लावावं तसं.

दिल्लीत हे सगळं गणगोत एका जागी भेटतं ते खारी बावलीत. फतेहपुरी मशिदीपासूनच्या त्या गल्लीत पोती ओळीने उघडी असतात: हरड, बहेडा, अर्जुनाची साल, खैराचा कात, वाळवलेली सांगरी, चार प्रकारचे डिंक. मुलांना एकदा तिथे घेऊन गेले आणि वही देऊन सांगितलं, पोती कुळांप्रमाणे लावा. दोन तास गर्दीत ढकलाढकली झाली, पण हरड-बहेडा-अर्जुन त्यांनी एकत्र लिहिले, सांगरी आणि कात शेंगांच्या कुळात लिहिले. डिंकापाशी सगळे अडले. डिंक सगळे सारखेच दिसतात, आणि डिंक तर पुष्कळ झाडं जखमेवर गाळतात.

एका दुकानदाराकडे तीन प्रकार वेगळे ठेवलेले होते: बबूल, धावडा, कतीरा. त्याने धावड्याचा एक खडा दाताखाली धरून फोडला आणि मला दाखवला, आतून काचेसारखा. "लड्डू बनाने हैं तो ये लीजिए, बहनजी." मी अर्धा किलो धावड्याचा घेतला आणि पाव किलो बाभळीचा. घरी तुपात तळले तेव्हा दोन्ही फुलले, पण धावड्याचा जास्त हलका. डबा भरताना मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी चिकटवली. आधीच्या वर्षीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ॲनोजिसस. ती तशीच राहू दिली आणि खाली दुसरी लावली.