श्वासाबरोबर आत जाणारे औषध

गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे सारण्यात ज्यांचे हंगामामागून हंगाम गेले असे पुरुष, आणि घरच्या चुलीच्या धुरात ज्यांचे वय सरले अशा स्त्रिया, धापेची तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा पंप येतो. तो ओढण्याची विद्या मात्र हाती येतेच असे नाही. 1975 ते 2014 या काळातील जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला असता, जेमतेम 31 टक्के रुग्णांचीच पद्धत निर्दोष आढळली.

अमेरिकेत 1956 मध्ये विक्रीस आलेल्या या फवाऱ्याच्या पंपाचे मर्म वेळ साधण्यात आहे. डबी हलवून, छातीतील हवा शांतपणे बाहेर सोडून, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत; श्वास सावकाश आत घेण्यास आरंभ होताच डबी दाबावी आणि श्वास खोल नेऊन 10 अंक मोजेपर्यंत रोखावा. क्षणाची चूक झाली, की औषध घशाच्या मागील भिंतीवर आदळून पोटात जाते. कॅप्सूलच्या भुकटीच्या यंत्राचा दस्तूर याच्या उलट : तेथे श्वास जोराने खेचावा लागतो, कारण भुकटी उडवण्याचे बळ रुग्णाच्या श्वासातूनच यायचे असते. हा भेद न उमगल्याने कोणी भुकटी हळुवार ओढतो, तर कोणी कॅप्सूल सरळ पाण्याबरोबर गिळतो!

राधानगरी-गगनबावड्याहून पहाटेची एसटी धरून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आलेल्या माणसाला पुन्हा केव्हा येणे जमेल, याचा भरवसा नसल्याने शिकवणी त्याच भेटीत व्हावी. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सारेच मान डोलावतात. ‘मावशी, आता तुम्ही ओढून दाखवा बघू’ असे म्हटल्यावरच ओठांच्या कोपऱ्यातून निसटणारा पांढरा फवारा दिसतो. चारचौघांत पंप तोंडाला लावण्याचा स्त्रियांना संकोच वाटतो, म्हणून त्यांना आडोशाला, शक्यतो सुनेला किंवा लेकीला जवळ बसवून, शिकवावे. पंपाची सवय लागते, हा समज निराधार आहे, हेही तेथेच सांगावे. ज्यांच्या थरथरत्या हातांना दाब आणि श्वास यांचा मेळ साधत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी जोडण्याची तजवीज करावी. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून टाकण्यात हयगय झाली, तर तोंडात बुरशी धरते. आणि शिकलेली पद्धत काही आठवड्यांत बिघडते, म्हणून दर खेपेस पंप बरोबर आणवून तो पुन्हा ओढून पाहावा.