रुग्णाची नोंद : एक विश्वस्त ठेव

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाचे लक्ष प्रथम आकड्यांकडे जाते. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांना उपचारखर्चात सवलत मिळाली, हे आकडे म्हणजे देणगीदारांनी व विश्वस्तांनी टाकलेल्या विश्वासाचा हिशेबच होय. परंतु या प्रत्येक आकड्यामागे एक केसपेपर असतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो. त्या कागदावरील माहितीचा पुढे काय उपयोग होऊ शकतो, आणि तो करताना कोणत्या मर्यादा पाळावयास हव्यात, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

वैद्यकीय संशोधनासाठी गोळा केलेली माहिती बहुधा एकाच अभ्यासापुरती वापरली जाते. अभ्यास पूर्ण होतो, शोधनिबंध प्रसिद्ध होतो, त्यात सरासरी व टक्केवारी छापली जाते. मूळ तक्ते मात्र कपाटात किंवा संशोधकाच्या संगणकात पडून राहतात. हीच माहिती अन्य अभ्यासकांना योग्य अटींवर उपलब्ध करून देणे आणि तिच्या आधारे नव्या प्रश्नांची उत्तरे शोधणे, यास संशोधन-माहितीचे आदानप्रदान व पुनर्वापर असे म्हणतात. ही कल्पना ऐकावयास रुक्ष वाटते; पण तिच्यामुळे रुग्णाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे क्षयरोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एकट्या रुग्णालयाला जे दिसत नाही

क्षयरोगाच्या संशोधनात भारतीय रुग्णांचा वाटा जुना आहे. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात १९३ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, तर काहींना घरीच औषधे दिली. घरी राहूनही रुग्ण तितकेच बरे होतात, असा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या उपचारपद्धतीला त्याने वळण दिले. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब रुग्णांच्या नोंदींतून हे ज्ञान निर्माण झाले होते.

पुढे रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग, म्हणजे एम.डी.आर. टीबी, हे मोठे संकट उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या रुग्णांवर किमान २० महिने उपचार करावयाचे असत आणि त्यांतील पहिले सुमारे ८ महिने इंजेक्शने द्यावी लागत. कानामायसिनसारख्या या इंजेक्शनांनी आतील कानातील सूक्ष्म केसपेशींना इजा होते. त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. परिणामी अनेक रुग्णांचा जीव वाचला, पण ऐकण्याची शक्ती कायमची गेली.

मग प्रश्न असा, की या इंजेक्शनांचा खरोखर किती उपयोग होत होता? कोणत्याही एका रुग्णालयाला याचे उत्तर देता येत नव्हते. एकेका ठिकाणी असे रुग्ण मोजकेच असत आणि प्रत्येकाला एकाच वेळी पाच-सहा औषधे चालू असत. त्यांतील कोणत्या औषधाने गुण आला, हे सांगणे अशक्य होते. समजा, एखाद्या औषधामुळे मृत्यूचे प्रमाण १०० मागे १४ वरून १० वर येते. ५० रुग्णांच्या गटात हा फरक केवळ दोघांचा असेल आणि तो योगायोगही असू शकेल. हजारो रुग्णांत तोच फरक दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील अभ्यासगटांनी आपले मूळ तक्ते एकत्र केले. शोधनिबंधातील सरासरी न घेता एकेका रुग्णाची, नाव वगळलेली नोंद घेण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात २५ देशांतील ५० अभ्यासांमधील १२,०३० रुग्णांची माहिती होती. बेडाक्विलिन, लिनेझोलिड यांसारख्या तोंडाने घ्यावयाच्या औषधांचा मृत्यू कमी होण्याशी संबंध दिसून आला. याउलट कानामायसिन व कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांची स्थिती, कोणतेही इंजेक्शन न घेतलेल्या रुग्णांपेक्षा अधिक वाईट आढळली. ऑगस्ट २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन औषधांची शिफारस मागे घेत असल्याचे जाहीर केले.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. २०११ च्या सूचनाही एकत्रित माहितीवरच आधारलेल्या होत्या. त्या वेळी ३२ अभ्यासांतील ९,१५३ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या होत्या. नवी औषधे आली, नोंदी वाढल्या आणि पूर्वीचा निष्कर्ष बदलावा लागला. माहिती एकदा वापरली म्हणजे संपली असे नव्हे, आणि तिने एकदा दिलेले उत्तर अखेरचे असते असेही नव्हे. तिला पुन्हा प्रश्न विचारता येईल अशा स्थितीत ती जपून ठेवावी लागते. शिवाय जुन्या नोंदी पाहून काढलेल्या निष्कर्षांत उणिवा राहू शकतात. म्हणून त्यांची पडताळणी रीतसर चाचणीने करणे इष्ट असते. या बाबतीत तसे झालेही. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या गटात ८३ टक्के रुग्णांना, तर इंजेक्शन असलेल्या गटात ७१ टक्के रुग्णांना अनुकूल परिणाम मिळाला.

नोंदी जुळवण्याचे काम

माहिती एकत्र करणे म्हणजे कागदांचे गठ्ठे एकावर एक रचणे नव्हे. एके ठिकाणी वय लिहिलेले असते, दुसरीकडे जन्मसाल. कोणी तारखेत आधी दिवस लिहितो, कोणी महिना. ‘बरा झाला’ या शब्दांचा अर्थ एका रुग्णालयात थुंकीची तपासणी स्वच्छ आली असा असतो, तर दुसऱ्या ठिकाणी औषधांचा कोर्स पुरा झाला एवढाच. असे फरक न ओळखता बेरीज केली, तर उत्तर चुकीचे येणारच. यासाठी प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी खुलासेवार यादी मूळ नोंदींसोबत असणे आवश्यक ठरते. संशोधनाची माहिती सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतरांशी जुळण्याजोगी व पुन्हा वापरण्याजोगी असावी, ही चार तत्त्वे २०१६ साली मांडली गेली. त्यांचा मथितार्थ हाच आहे.

आपल्या देशातही या दिशेने व्यवस्था उभी राहत आहे. औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदणी करणारी भारतीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून अशी नोंदणी बंधनकारक झाली. जुलै २०१८ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक औषधचाचणीच्या लेखकांकडून, आपली मूळ माहिती इतरांना देणार की नाही, याचे स्पष्ट निवेदन मागतात. फरिदाबाद येथे २०२२ साली भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ पासून या केंद्रामार्फत अभ्यासकांसाठी खुली झाली आहे. अर्थात ती नियमांच्या चौकटीत, अर्ज करूनच मिळते.

नाव वगळले म्हणजे पुरे का?

रुग्णाचे नाव खोडले की त्याची ओळख झाकली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून अभ्यासकांना देण्यात आल्या होत्या. १९९० च्या दशकात लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने त्या नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिने खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली.

आपल्याकडील खेड्यात तर पिनकोडचीही गरज पडणार नाही. अमुक गावची, अमुक वयाची, अमुक दुर्धर आजाराची स्त्री, एवढे म्हटले की गावाला ती कोण हे कळते. क्षयरोग, एच.आय.व्ही., मानसिक आजार किंवा वंध्यत्व यांची वाच्यता झाल्यास विवाह, नोकरी व घरातील स्थान यांवर आघात होऊ शकतो. म्हणून केवळ नाव वगळणे पुरेसे नसते. गावाऐवजी जिल्हा, नेमक्या तारखेऐवजी वर्ष, नेमक्या वयाऐवजी वयोगट अशी माहिती सैल करावी लागते. सांकेतिक क्रमांक कोणत्या रुग्णाचा, हे सांगणारी यादी रुग्णालयाच्या बाहेर जाता कामा नये. माहिती घेणाऱ्याकडून, ती कोणत्या कामासाठी वापरली जाईल आणि रुग्णाची ओळख शोधण्याचा प्रयत्न केला जाणार नाही, असा लेखी करार घेणे अगत्याचे आहे.

संमतीचा प्रश्न

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी १९९० पासून तेथील विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. मधुमेहाच्या अभ्यासासाठी आपण ते देत आहोत, अशी त्यांची समजूत होती. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार व जमातीचे मूळ यांविषयीही संशोधन झाल्याचे त्यांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई देऊन तडजोड केली आणि नमुने जमातीला परत केले. हेतू ज्ञानवृद्धीचा असला, तरी विश्वास गमावला की पैशाने तो परत मिळत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांचा व माहितीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. भावी संशोधनासाठी रुग्णाची व्यापक संमती घेता येते. ज्या नोंदींवरून व्यक्ती ओळखता येत नाही, त्यांच्या बाबतीत पुन्हा संमती घेण्यातून सूट देण्याचा निर्णय नैतिकता समिती करू शकते. संशोधकाला तो स्वतःच्या अखत्यारीत घेता येत नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला. तथापि कायदा ही किमान मर्यादा होय. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवणे आणि ‘नाही’ म्हटल्याने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही याची खात्री देणे, हे कायद्याच्या कलमापेक्षा माणुसकीचे काम आहे.

झाकून ठेवलेल्या माहितीचा धोका

माहिती देण्यात धोका आहे, तसा ती मुळीच न दाखवण्यातही आहे. २२ मे २०२० रोजी, कोविडची साथ ऐन भरात असताना, ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६,००० रुग्णांच्या नोंदींवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे मृत्यू वाढतात, असे त्यात म्हटले होते. त्याचा परिणाम म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. मात्र मूळ नोंदी ज्या कंपनीच्या ताब्यात होत्या, तिने त्या स्वतंत्र तपासणीसाठी दिल्या नाहीत. ४ जून रोजी, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, निबंध मागे घेण्यात आला. हे औषध कोविडवर उपयोगी नाही, हे पुढे रीतसर चाचण्यांतून सिद्ध झाले. परंतु ज्या निबंधाची पडताळणीच शक्य नव्हती, त्याच्या आधारे निर्णय घेतले गेले, ही गोष्ट गंभीरच होती. हिशेबतपासनिसाला वह्या दाखवल्याशिवाय ताळेबंद मान्य होत नाही. संशोधनालाही तोच न्याय लागू असावा.

खर्चाची बाजू

हे सारे विनामूल्य होत नाही. नोंदी शुद्ध करणे, संगणकावर सुरक्षित ठेवणे, ओळख झाकणे, करार तपासणे यांसाठी प्रशिक्षित माणसे लागतात. देणगीच्या रकमेतून यंत्र विकत घेतले, तर त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. नोंदी ठेवणाऱ्या लिपिकाच्या वेतनावर अशी पाटी लागत नाही. तरीही शास्त्राच्या दृष्टीने त्या लिपिकाचे काम यंत्राइतकेच मोलाचे आहे, कारण अपुरी वा चुकीची नोंद पुढे कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून माहिती गोळा केली, त्यांच्या श्रमांचे श्रेय परस्पर दुसऱ्याने घेऊ नये, ही संशोधकांची अपेक्षाही रास्त आहे. माहिती देताना श्रेयाची अट लेखी असली, तर हा संकोच दूर होऊ शकतो.

आप्तांसाठी चार प्रश्न

आपल्या रुग्णाची माहिती संशोधनासाठी मागितली गेल्यास नातेवाइकांनी निःसंकोचपणे चार प्रश्न विचारावेत. ही माहिती कशासाठी हवी आहे? ती पुढे आणखी कोणाला दिली जाईल काय? नाव व गाव कसे झाकले जाईल? आणि पुढे मन बदलल्यास संमती मागे घेता येईल काय? या शेवटच्या प्रश्नाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ओळख पूर्णतः पुसून माहिती इतर नोंदींत मिसळली गेली, की ती वेगळी काढता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारावा. उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

धर्मादाय संस्थेत विश्वस्त हे मालमत्तेचे मालक नसतात. दुसऱ्याची ठेव ते दुसऱ्याच्याच हितासाठी सांभाळतात. रुग्णाच्या नोंदींनाही हीच दृष्टी लागू पडते. त्या डॉक्टरांच्या नव्हेत, संशोधकाच्या नव्हेत आणि रुग्णालयाच्याही नव्हेत. आजारपणाच्या अवघड काळात रुग्णाने ती माहिती विश्वासाने स्वाधीन केलेली असते. ती कुलूपबंद करून विसरून जाणे हा विश्वस्तधर्म नव्हे आणि ती बेपर्वाईने वाटून टाकणे हाही नव्हे. आज एम.डी.आर. टीबीचे निदान झालेल्या रुग्णाला ती वेदनादायक इंजेक्शने बहुधा टाळता येतात आणि आपल्या नातवंडांचे बोलणे ऐकू येत राहते. यामागे २५ देशांतील १२,०३० अनामिक रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यांची नावे कोणालाच कळणार नाहीत, आणि ती तशीच अज्ञात राहावीत हेच योग्य आहे.