प्रवासांत पाहिलेलीं छोट्या पेढ्यांचीं घड्याळें

घड्याळ ही वस्तु आपल्या घरांत नुसती वेळ दाखविण्यासाठीं कधींच आलेली नाहीं. कोणास तें परीक्षा पास झाल्याबद्दल मिळालें, कोणास सासऱ्यांनीं दिलें, कोणीं पहिल्या पगारांतून घेतलें. आज वेळ पाहावयाची तर प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतो आणि तो मनगटावरील यंत्रापेक्षां अचूकहि असतो. तरीहि घड्याळ देण्याघेण्याची चाल मोडलेली नाहीं. तेव्हां तें कोणाकडून, कसें व किती पैशांत घ्यावें, हा विचार कुटुंबवत्सल वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

गेल्या वीसएक वर्षांत घड्याळांच्या व्यापारांत एक नवा वर्ग उदयास आला आहे. त्यास ‘मायक्रोब्रँड’ म्हणतात. आपण छोट्या स्वतंत्र पेढ्या म्हणूं. अशा पेढींत पुष्कळदां दोनचार माणसेंच असतात. घड्याळाची आकृति तीं स्वतः आंखतात. डबी, तबकडी व कांटे निरनिराळ्या कारखान्यांकडून करवून घेतात. आंतील यंत्र जपान, स्वित्झर्लंड किंवा चीन येथील मोठ्या कारखान्यांतून विकत आणतात. आणि तयार माल इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकास पाठवितात. मधले दलाल नाहींत, हमरस्त्यावरील दुकानाचें भाडें नाहीं, नटनट्यांची बिदागी नाहीं. नामांकित स्विस घड्याळाच्या किंमतीच्या एका लहानशा अंशांत चांगलें यांत्रिक घड्याळ मिळतें, त्याचें रहस्य हें एवढेंच.

परंतु याच व्यवस्थेंत एक मोठी उणीव आहे. दुकान नाहीं, म्हणून वस्तु हातांत घेऊन पाहतां येत नाहीं. हातच्या कांकणाला आरसा नको हें खरें. पण कांकण आधीं हातांत तर आलें पाहिजे! चित्रांत सुबक दिसणारें घड्याळ मनगटावर थाळीसारखें दिसूं शकतें. यासाठीं प्रवासांत जेथें अशा पेढीची खोली किंवा प्रदर्शन असेल, तेथें अर्धा दिवस काढावा, असें आम्ही सुचवितों.

आमच्या घरीं या विषयास एक निमित्त होतें. घरांतील वडील मंडळींपैकीं तात्यांचें सहस्रचंद्रदर्शन जवळ आलें होतें. त्यांच्या हातीं १९६६ सालापासून एच्.एम्.टी.चें ‘जनता’ घड्याळ. स्नानसंध्या आटोपली कीं त्यास किल्ली द्यावयाची, हा त्यांचा नेम. भिंतीवरचें घड्याळहि त्यावरूनच लावलें जाई. पुढें सांधेदुखीनें बोटें वळेनाशीं झालीं आणि किल्ली फिरेना. दुसऱ्याकडून किल्ली देववून घेणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. त्यांनीं घड्याळ कपाटांत ठेवून दिलें आणि नातवंडांना वेळ विचारूं लागले. घरांतील मिळवत्या सर्वांनीं मिळून वर्गणी काढली, आणि आम्ही २०२४ च्या मार्चमध्यें विलायतेस जात असल्यामुळें निवडीचें काम आमच्याकडे आलें. निघण्यापूर्वीं तात्यांच्या मनगटाचा घेर व वरच्या बाजूची रुंदी सुती दोऱ्यानें मापून, दोन गांठी मारून, तो दोरा आम्हीं पाकिटांत ठेविला.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून मेडनहेड गांवीं जातांना गाडी ब्रुनेलनें १८३८ सालीं बांधलेल्या विटांच्या पुलावरून थेम्स नदी ओलांडते. याच गांवीं ख्रिस्तोफर वॉर्ड या पेढीचें दालन आहे. २००४ सालीं तिघां मित्रांनीं ती काढली आणि आरंभीं तिचा कारभार कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांतून चाले. आतां ती लहान राहिलेली नाहीं. २०२३ सालीं तिच्या ‘बेल कांतो’ या ठोके देणाऱ्या घड्याळास जिनीव्हाचें मानाचें पारितोषिक मिळालें. पण थेट विक्रीचा तिचा मूळचा शिरस्ता कायम आहे. येथें एकाच नमुन्याचीं ३६ व ३९ मिलिमीटर अशीं दोन मापें शेजारीं ठेवून पाहतां आलीं. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे कांहींच नाहीं. मनगटावर मात्र एक घड्याळ अंगचें वाटतें आणि दुसरें मागून आणल्यासारखें.

त्याच आठवड्यांत वेस्टमिन्स्टर येथें ब्रिटिश घड्याळकारांचा पहिला एकदिवसीय मेळावा भरला. एका सभागृहांत टेबलें मांडलेलीं, आणि त्यांमागें बहुधा आंखणारा व विकणारा एकच माणूस. लंडनचें हें पुनरागमन समजण्यास थोडा इतिहास हवा. आजच्या बहुतेक यांत्रिक घड्याळांत असलेली लिव्हरची योजना थॉमस मज यानें याच शहरांत १७५५ च्या सुमारास काढली. तरी पुढें हा धंदा स्विस व अमेरिकन कारखान्यांनीं बळकाविला. १९५३ सालीं एव्हरेस्टवर गेलेलें इंग्रजी स्मिथ्स घड्याळहि पुढच्या वीस वर्षांत इतिहासजमा झालें.

मेळाव्यांत सर्वांत गर्दी खेंचणाऱ्या टेबलांपैकीं एक स्टुडिओ अंडरडॉगचें होतें. या पेढीच्या पहिल्या मालिकेंतील एक तबकडी कापलेल्या कलिंगडासारखी आहे: मध्यें लाल, कडेला हिरवी, आणि लालांत काळ्या बिया! आंतील यंत्राची कुळकथा त्याहून गमतीची. मूळ स्विस ‘व्हीनस १७५’ यंत्राचीं हत्यारें चीननें विकत घेतलीं आणि १९६० नंतर तियांजिन येथें आपल्या वैमानिकांसाठीं तें घडविलें. स्वित्झर्लंडांत जन्मलेलें, चीनमध्यें वाढलेलें यंत्र इंग्रज तरुणाच्या कलिंगडांत येऊन बसलें.

यंत्राविषयीं इतकें ध्यानांत ठेवावें. स्वस्त घड्याळांत बहुधा सेइकोचें ‘एन्.एच्. ३५’ असतें. तें तासाला २१,६०० आंदोलनें घेतें, पूर्ण किल्लीवर सुमारें ४१ तास चालतें, आणि कारखान्याच्या हिशेबीं दिवसाला २० सेकंद मागें ते ४० सेकंद पुढें जाऊं शकतें. सिटिझनच्या मियोता कारखान्याचें ‘९०१५’ आणि स्विस ‘सेलिटा एस्.डब्ल्यू. २००’ हीं दोन्ही २८,८०० आंदोलनांचीं व अधिक महाग. हीं यंत्रें सर्वत्र वापरांत असल्यामुळें पेढी उद्यां बंद पडली तरी आपल्याकडील जाणता घड्याळजी घड्याळ दुरुस्त करूं शकतो. आपल्याला यांत ओळखीचें असें कांहीं आहे तें सिटिझन हें नांव. १९६१ सालीं एच्.एम्.टी.नें बंगळूर येथें घड्याळें सुरू केलीं तीं याच जपानी कंपनीच्या साहाय्यानें; ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला.

तात्यांस आपोआप किल्ली भरणारें घड्याळ द्यावें हें ठरलेंच होतें. परंतु एका टेबलावरील गृहस्थांनीं आम्हांस पहिलाच प्रश्न केला, “ते दिवसभरांत कितपत हिंडतात?” प्रश्न मार्मिक होता. हें यंत्र हाताच्या हालचालीवर चालतें. माणूस खुर्चींत बसून राहिला तर दीड-दोन दिवसांत तें थांबतें, आणि मग किल्लीशीं झटापट आहेच. अशा वृद्धांस सेलवरचें घड्याळच बरें, असें त्यांनीं स्वतःचा माल बाजूस ठेवून सांगितलें. तात्या रोज सकाळीं तळ्यांतल्या गणपतीपर्यंत चालत जातात, हें सांगितल्यावर त्यांनीं मान डोलाविली. पाणबुड्यांचीं घड्याळें त्यांनीं आपण होऊन दूर सारलीं, कारण त्यांची किल्ली आटे फिरवून मोकळी करावी लागते. खिशांतील दोरा टेबलावर पसरला. शेवटीं ३६ मिलिमीटरचें, पांढऱ्या तबकडीचें व ठसठशीत काळ्या कांट्यांचें एक घड्याळ पसंत पडलें. तें आतां तात्यांच्या हातावर आहे, आणि नातवंडें त्यांना वेळ विचारतात.

वाचकांपैकीं ज्यांस असा योग येईल त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. व्यासापेक्षां पट्टा अडकविण्याच्या टोंकांमधील लांबी महत्त्वाची. तीं टोंकें मनगटाच्या कडेबाहेर जातां कामा नयेत. घड्याळ निदान पाव तास हातावर ठेवावें, बाही त्यावरून सरकते कीं अडते तें पाहावें, किल्ली स्वतः फिरवावी, आणि सांवलींत जाऊन वेळ वाचावी. दुरुस्ती कोठें होईल हें विचारावें. ब्रिटनमध्यें प्रवाशांस दुकानांतून मिळणारी करपरतीची सवलत २०२० च्या अखेरीस संपली आहे. तेव्हां तो हिशेब मनांत धरूं नये, व परततांना जकातीचे चालू नियम आधींच पाहून ठेवावे. ज्यांस परदेशीं जावयाचें नाहीं त्यांनींहि हिरमुसण्याचें कारण नाहीं: जुनीं नाणीं तबकडींत बसविणारी जयपूरची पेढी आणि २०१८ सालीं निघालेली बंगळूरची पेढी हीं या नव्या वर्गाचीं स्वदेशी उदाहरणें होत.

मोठें नांव हातावर मिरविण्यांत वावगें कांहीं नाहीं, पण तें नांव पाहणाऱ्यासाठीं असतें. ज्याच्या हातावर घड्याळ राहावयाचें त्याचें मनगट, त्याचीं बोटें, त्याचे डोळे व त्याचा दिनक्रम पाहून वस्तु निवडली, तर थोड्या पैशांतहि देणगी थोर होते.