तारीख न सोडणारा किरणोत्सव आणि सरकणारी संक्रांत

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात शिरतं. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला एकदा, आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला पुन्हा एकदा. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. महाद्वारातून आलेली किरणं गरुड मंडप ओलांडून पितळी उंबरठ्यावरून आत येतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, दुसऱ्या दिवशी कंबर आणि तिसऱ्या दिवशी मुख, असा हा किरणोत्सवाचा क्रम. हवेत धुरकं असलं किंवा वाटेत उंच बांधकामं आडवी आली, तर किरणं मध्येच अडतात. सूर्य मात्र त्या दिवशी त्या जागी मावळायला चुकत नाही.

आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, त्यामुळे त्यांची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. किरणोत्सवाची तारीख बदलत नाही, कारण तो निव्वळ सूर्यावर बेतलेला आहे. मकरसंक्रांतही सूर्यावरच बेतलेली आहे, पण ती शतकानुशतकं हळूहळू पुढे सरकते आहे. सूर्य एकच, मग एक दिवस पक्का आणि दुसरा सरकता का? याचं उत्तर पृथ्वीच्या गतींमध्ये सापडतं. शाळेत आपण त्यातल्या दोन शिकतो, तिसरी सहसा राहून जाते.

चार मिनिटांचा फरक

पहिली गती स्वतःभोवती फिरण्याची. या फिरण्यामुळे कोल्हापूर शहर या क्षणी ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे निघालेलं आहे. आपल्याभोवतीची हवा, जमीन, घरं सगळीच त्याच वेगानं चाललेली असल्यानं आपल्याला त्याची जाणीव होत नाही.

ताऱ्यांच्या संदर्भानं पाहिलं तर पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. पण तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे गेलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला आणखी थोडं वळावं लागतं आणि त्यात चार मिनिटं जातात. म्हणून घड्याळाचा दिवस २४ तासांचा. मृग नक्षत्र रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतं, ते याच फरकामुळे.

दुसरी गती सूर्याभोवतीची, सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटरची. ही फेरी पुरी व्हायला ३६५ दिवस आणि वर सुमारे सहा तास लागतात. या जादा तासांसाठीच दर चार वर्षांनी फेब्रुवारीला एक दिवस जोडावा लागतो.

ऋतू अंतरामुळे होत नाहीत

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, हा समज अजूनही घट्ट आहे. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं, जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटी होतं. शिवाय आपल्याकडे थंडी असते तेव्हा ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा असतो. अंतरावर ऋतू ठरत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी एकच ऋतू आला असता.

ऋतू ठरवतो तो पृथ्वीचा कललेला आस. पृथ्वी आपल्या वाटेवर ताठ उभी नाही, तिचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. वर्षभराच्या प्रवासात हा कल एकाच दिशेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध.

याचा परिणाम पाहायला दुर्बीण लागत नाही. कोल्हापूरच्या एखाद्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. २१ डिसेंबरला सूर्य माध्यान्हीला येईल तेव्हा तिची सावली उत्तरेकडे सुमारे ८४ सेंटिमीटर पडेल. ती दिवसेंदिवस आखूड होत जाईल आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पार नाहीशी होईल. हाच शून्य सावलीचा दिवस. पुण्या-मुंबईत तो मेच्या मध्यावर येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दिल्लीत कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. २१ जूनला ऊन मिळालं, तर कोल्हापुरातल्या त्याच काठीची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसेल, साधारण १२ सेंटिमीटर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा शून्य होते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असल्यानं ती क्वचितच पाहायला मिळते.

काठीची सावली लांब, म्हणजे ऊन तिरपं. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं आणि प्रत्येक वीतभर जमिनीच्या वाट्याला कमी ऊब येते. त्यात दिवसही लहान. कोल्हापुरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत सुमारे दोन तासांचा फरक आहे. थंडी आणि उन्हाळा या दोन गोष्टींतून घडतात.

आपल्या पावसाचं मूळही या कलण्यात आहे. सूर्य उत्तरेकडे सरकतो तशी भारताची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरचा हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पानं भरलेले वारे आत खेचले जातात. सरासरी १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमाराला मुंबईत मोसमी पाऊस दाखल होतो. ऑगस्टमध्येही सूर्य आपल्या डोक्यावर येतो, पण वरच्या ढगांमुळे त्याचा ताप मेसारखा जाणवत नाही.

किरणोत्सवही कललेल्या आसाचाच. कोल्हापुरात मावळता सूर्य वर्षभरात नेमक्या पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत जातो. तो पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर असतो तेव्हा त्याची किरणं गाभाऱ्याच्या रेषेत येतात. अशी वेळ वर्षातून दोनदाच येते, दक्षिणेकडे जाताना आणि तिकडून परतताना. म्हणूनच हे दोन्ही किरणोत्सव २१ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, १० नोव्हेंबर ४१ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. त्या काळात मावळतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या निम्म्याहून थोडी अधिक सरकते, त्यामुळे हा सोहळा मोजक्याच दिवसांचा. देऊळ बांधणाऱ्यांनी मावळतीचं किती बारकाईनं निरीक्षण केलं असेल, याचा विचार केला की त्यांच्यापुढे मान लवते.

तिसरी गती

आता संक्रांत. भोवरा फिरता फिरता डुलतो आणि त्याचं डोकं हवेत एक गोल काढतं, तसा पृथ्वीचा आसही अतिशय संथपणे डुलतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे, तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त आहे. या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्र यांची ओढ लागते आणि त्यातून हे डुलणं सुरू राहतं. एका गोलाला जवळपास २६,००० वर्षं लागतात. यालाच परांचन म्हणतात.

परांचनामुळे वर्ष दोन प्रकारचं होतं. ऋतू पुन्हा त्याच जागी येण्याचं, म्हणजे सायन वर्ष. सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यांपाशी येण्याचं, म्हणजे नाक्षत्र वर्ष. दुसरं पहिल्यापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. इंग्रजी दिनदर्शिका पहिलं वर्ष धरते आणि किरणोत्सवही त्यावरच चालतो. आपली संक्रांत दुसरं धरते, कारण तिथे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भानं मोजतात. वर्षाला २० मिनिटं म्हणजे सुमारे ७० वर्षांत एक दिवस.

सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी होत असे. आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दिवस तिळातिळानं वाढायला लागतो तोही डिसेंबरातच. संक्रांतीपर्यंत तिथून तीन आठवड्यांहून अधिक काळ उलटलेला असतो.

हाच हिशेब मागे नेला तर आपल्या इतिहासातली एक समजूत तपासून पाहावी लागते. पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झालं आणि ते संक्रांतीलाच झालं असं सर्रास सांगितलं जातं. पण २६० वर्षांत संक्रांत तीन-चार दिवस पुढे सरकली आहे. म्हणजे १७६१ साली ती १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. तो घात संक्रांतीचा नव्हता.

पंचांग कशावर चालावं?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला. सणांचं नातं ऋतूंशी आहे, तेव्हा गणितही ऋतूंचंच हवं, हा त्यांचा मुद्दा होता. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांना तो उघडावाच लागतो. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचा चैत्र वसंत संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणून तिचे महिने ऋतूंना सोडत नाहीत. सरकारी कागदांपलीकडे ती फारशी रुळली नाही, याची खंत वाटते.

तिळगूळ कोणत्या दिवशी वाटायचा हे समाजानं ठरवावं. परंपरेचं वजन मोठं असतं आणि ते असायलाही हवं. पण सरकतं काय आणि पक्कं काय, हे आपल्या मुलांना कळायलाच हवं. उत्तरायण म्हणजे काय हे त्यांनी पाठ करण्यापेक्षा मोजून पाहावं. त्यासाठी शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी आणि खडूनं मारलेल्या खुणा पुरेशा आहेत. शिक्षकांनी येत्या २१ डिसेंबरला दुपारी मुलांना घेऊन पहिली खूण करावी आणि पुढे दर आठवड्याला एक खूण वाढवत जावी. संक्रांत येईपर्यंत सावली आखूड झाल्याचं मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि उत्तरायण केव्हा सुरू झालं हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.