पंख्याच्या डब्यातली ऊब

वैशाखातल्या दुपारी चार-पाच तास अखंड फिरून नुकताच थांबलेला जुना छताचा पंखा, स्टुलावर चढून, मधल्या वाटोळ्या डब्याशी चाचपून पाहिला, तर तो चांगलाच तापलेला लागतो. आणि ज्या यंत्राने आपला उकाडा निवारावा, तेच आपण पैसे मोजून घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने उधळीत असल्याचा हा पुरावा हाताला मिळाला, की ऊर्जाबचत हा केवळ सरकारी फलकांवरचा उपदेश राहत नाही.

या उधळपट्टीचे कारण मोटरच्या रचनेत आहे. जुन्या पंख्यातील प्रवर्तन मोटरमध्ये स्थिर वेटोळ्यांतील प्रवाह फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र फिरत्या भागात प्रवाह उत्पन्न करते आणि तोच प्रवाह त्या भागाला तापवितो. बीएलडीसी या नावाने बाजारात आलेल्या पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबकच बसविलेले असल्याने तिथे प्रवाह उत्पन्न करण्याचा खर्च वाचतो, आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची हे एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरविते. परिणामी जवळजवळ तेवढाच वारा ७५ वॅटऐवजी सुमारे ३० वॅटमध्ये मिळतो. रोज बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा चालला असे धरले, तर २७० युनिटांच्या जागी १०८ युनिटे लागतात. आठ रुपये दराने वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास बचत होते, म्हणजे हजार-दीड हजारांची जादा किंमत साधारण वर्षभरात वसूल व्हावी.

मग गिऱ्हाईक दुकानात स्वस्त पंख्याकडेच का वळते? त्याला हिशेब कळत नाही असे नव्हे. पण वर्षभराची बचत पुढची असते आणि खिशातली रोकड आजची. शिवाय भाड्याच्या खोलीत पंखा घेतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू, तेव्हा काटकसरीची कळकळ ज्याला असावी त्याच्या हाती खरेदीच नसते.

पहिल्या अडचणीवर पतपुरवठा आणि दुसरीवर कायदा, असे दोन उतारे विकसनशील देशांपुढे आहेत, आणि आपल्याकडे दोहोंचाही अनुभव गाठीशी आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. २००६ मध्ये उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची योजना सुरू झाली. आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ती चिठ्ठी सक्तीची झाली. घरमालकाने कितीही स्वस्ताई शोधली, तरी किमान कसोटीला न उतरणारा नवा माल कायदेशीर बाजारात त्याला मिळू नये, हा या सक्तीचा मथितार्थ. मात्र कायदा तळ ठरवितो, शिखर नव्हे. एक तारा मिळविणारा पंखाही राजरोस विकला जातोच.

तिथून पुढे पैशाची तजवीज लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये तिला सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. जगभर एलईडी स्वस्त होत होतेच, हे खरे; तरी हमखास मोठ्या मागणीने त्या घसरणीला वेग दिला. काही ठिकाणी तर ग्राहकाने प्रारंभी जुजबी रक्कम द्यावी आणि उरलेली वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडावी, अशीही सोय होती.

पंख्याचे प्रकरण याहून अवघड आहे. दिवा काही वर्षांत जातो, पण पंखा पंधरा-वीस वर्षे टिकतो, आणि एका घरातून उतरविलेला जुना पंखा बहुधा जुन्या बाजारातून दुसऱ्या, अधिक गरीब घराच्या छताला जाऊन लागतो. मग घर बदलले, गळती तीच राहिली. म्हणून जुना पंखा परत घेऊन मोडीत काढण्याची अट हप्त्याच्या योजनेतच असावी, आणि हप्ता वाचलेल्या विजेच्या किमतीहून कमी ठेवावा. म्हणजे ज्याच्या खिशात आज हजार रुपये नाहीत, त्यालाही पहिल्याच महिन्याच्या बिलात, हप्ता धरूनसुद्धा, आकडा उतरलेला दिसेल.