बाळंतपण आणि रक्ताचा दाब

आमच्या पलसाणा तालुक्यात, विशेषतः कडोदऱ्याच्या कापड-कारखान्यांभोवती, खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या लेकीसुनांच्या बाळंतपणात परिचारिका वारंवार दंडाला पट्टा बांधून रक्तदाब का पाहते, हे येथे सांगावयाचे आहे.

डॉ. रखमाबाई १८९५ साली सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा दंडाचा हा पट्टा निघालाच नव्हता. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी तो पुढच्याच वर्षी जगापुढे मांडला. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी दाखविले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. १९५५ साली ते प्रयोगशाळेत घडविणाऱ्या द्यू विग्नो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रखमाबाई त्याच वर्षी निवर्तल्या.

ग्रंथींतून थेट रक्तात उतरणाऱ्या अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. ऑक्सिटोसिनने कळ आली की गर्भाशयातील तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त पिळले जाऊन मातेच्या अभिसरणात येते आणि दाब चढतो. म्हणून तो दोन कळांच्या मधल्या वेळात मोजतात. वेदना व भीती यांमुळे मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय धडधडू लागते आणि दाबात आणखी भर पडते. बाळंतिणीजवळ धीर देणारे माणूस हवेच, हा जुन्या सुइणींचा आग्रह आम्हांस या दृष्टीने मोठा शहाणपणाचा वाटतो.

मूल जन्मल्यावर रक्तस्राव आवरण्यासाठी बहुधा ऑक्सिटोसिनचे दहा युनिट स्नायूत टोचतात. तेच शिरेतून घाईने दिले, तर रक्तवाहिन्या सैलावून दाब एकाएकी घसरतो. याच कामाचे दुसरे औषध अर्गोमेट्रिन, राय नावाच्या धान्यावरील बुरशीतून १९३५ साली वेगळे केलेले. त्याने मात्र वाहिन्या आवळतात व दाब वाढतो; यास्तव ज्या स्त्रीचा दाब आधीच चढा आहे, म्हणजे १४०/९० किंवा त्याहून अधिक, तिला ते देत नाहीत.

आता आमच्या घरांची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मुलगी जळगाव-धुळ्याकडे माहेरी निघते. कपड्यांची पेटी आठवणीने भरली जाते. महिनोमहिने दाबाची नोंद झालेले ममता कार्ड मात्र कधी कधी इथेच फडताळात राहते. मग दाब पूर्वीपासूनच चढा होता की कळांनी आत्ता चढला, हे तिकडच्या डॉक्टरांना समजत नाही. आणि कोणते इंजेक्शन टोचावयाचे, हे त्यांना त्या रात्रीच्या मोजणीवरच ठरवावे लागते.